रंगपेटी थोडी उशिरा उघडू या: चित्रकला शिकवणाऱ्यांना खुले पत्र

चित्रकलेचे वर्ग घेणाऱ्या, शाळेत चित्रकलेचा तास सांभाळणाऱ्या आणि व्हिडिओ करून घरबसल्या रेखाटन शिकवणाऱ्या सर्व शिक्षक-शिक्षिकांना,

सप्रेम नमस्कार.

मीही तुमच्यातलीच. फरक इतकाच की माझ्याकडे येणारे विद्यार्थी मोठे असतात. कुणी नोकरीतून मोकळं झालेलं, कुणाला मुलं मोठी झाल्यावर सवड मिळालेली, कुणी नुसतंच "लहानपणी चित्रकला फार आवडायची हो" म्हणत आलेलं. पहिल्या दिवशी मी टेबलावर एक पांढरा मग ठेवते आणि काढा म्हणते. आलेली चित्रं शेजारी शेजारी मांडली तर सगळी एकाच माणसाने काढल्यासारखी वाटतात. वरच्या काठाला दोन्ही कडांना टोकं आलेली, आणि तळाला सरळ रेघ. काहींनी तर ती चक्क पट्टीने मारलेली असते.

समोरच्या मगाला ना टोकं असतात, ना तळाशी सरळ रेघ. वर्तुळ बरोबर डोळ्यांच्या पातळीत असलं तर त्याची नुसती आडवी रेघ दिसते. ते जसजसं त्या पातळीच्या खाली जातं, तसतसं उघडत जातं. तळ काठापेक्षा खाली असतो, म्हणजे तळाचं लंबवर्तुळ काठाच्या लंबवर्तुळापेक्षा जास्त फुगीर दिसायला हवं. आणि लंबवर्तुळाला कोपरा कुठेच नसतो, कडेला ते गोल वळून मागे जातं. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. दाखवायचं असेल तर विद्यार्थ्याला खाली वाकून काठ नजरेच्या रेषेत आणायला सांगायचं आणि मग हळूहळू उभं राहायला लावायचं. रेघेचं वर्तुळ होताना त्याचं त्यालाच दिसतं. तळाची सरळ रेघ मात्र कुणी पाहून काढलेली नसते. हा मग टेबलावर सपाट बसतो हे डोक्याला माहीत असतं, आणि डोकं डोळ्यांचं ऐकत नाही.

या सगळ्यांनी शाळेत वर्षानुवर्षं चित्रकलेचा तास केलेला आहे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, चारच्या आकड्यासारखे पक्षी आणि वळणावळणाने पुढे येणारी नदी त्यांना डोळे मिटून काढता येते. डोळे मिटून काढता येते, हीच माझी तक्रार आहे. आपण चित्र करायला शिकवतो, बघायला शिकवणं पुढच्या तासावर ढकलतो आणि तो तास काही येत नाही. तो तास पहिला घ्या आणि रंग त्यानंतर कधीतरी, एवढंच या पत्रात मागायचं आहे.

अगदी लहान मुलांना यातून वगळते. सहा-सात वर्षांचं मूल आईला घरापेक्षा मोठी काढतं ते तिचं महत्त्व मोठं म्हणून. तिथे प्रमाण शिकवायला जाणं म्हणजे आगाऊपणा. पण नऊ-दहाच्या आसपास मुलं स्वतःच कुरकुर करायला लागतात: "हे खरं नाही दिसत." त्या वयाला आपण "छान आहे रे" म्हणून पाठ थोपटतो. त्याने विचारलेलं असतं, ते कसं करायचं हे. उत्तर न मिळाल्यावर बहुतेक जण पेन्सिल ठेवून देतात आणि तीस-चाळीस वर्षांनी माझ्या वर्गात येतात, "माझा हात चांगला नाही" हे पाठ करून. हाताचा तिथे संबंधच नसतो. ज्याला स्वतःची सही दोनदा सारखी करता येते, त्याच्या हाताला चित्रासाठी लागणारं वळण आलेलंच असतं.

आता थोडं आपल्या सवयींबद्दल. सर्वात वाईट सवय म्हणजे विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतःचा हात चालवणं. "द्या इकडे, हे बघा, असं." दोन झटक्यांत नाक सुधारतं, आजूबाजूचे वा वा म्हणतात, चित्र घरी जातं, फ्रेम होतं. शिकणाऱ्याच्या पदरात काय पडलं? आपली रेघ कमी दर्जाची आणि बाईंची रेघ भारी, एवढंच. दाखवायचंच असेल तर बाजूला रद्दीच्या कागदावर दाखवावं आणि तो कागद फाडून टाकावा. त्याहून बरं म्हणजे विचारावं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून सरळ खाली आलं तर ओठाचा कुठला भाग लागतो? खुर्चीचे दोन पाय आणि जमीन यांच्यामधली मोकळी जागा कुठल्या आकाराची आहे? हा मग रुंद जास्त की उंच जास्त, आणि किती पटीने? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर समोरच्या वस्तूकडे पुन्हा वळल्याशिवाय देता येत नाही, म्हणून ते विचारायचे.

मोकळ्या जागेचा प्रश्न मला विशेष प्रिय आहे. खुर्ची कशी असते हे आपल्याला फार चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे खुर्ची काढताना आपण ठोकताळ्याने काढतो. पण तिच्या पायांमधल्या पोकळीला नाव नसतं. तिची ठरीव आकृती डोक्यात नसते, मग ती निमूटपणे बघूनच काढावी लागते. पोकळ्या बरोबर आल्या की खुर्ची आपोआप उभी राहते.

मापनाचंही तसंच. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवायची पोझ आपण सगळेच शिकवतो. कोपर ताठ का ठेवायचं, हे किती जण सांगतात? कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते आणि तीच वस्तू पेन्सिलीवर कमी लांबीत बसते. म्हणजे पहिलं माप एका फूटपट्टीचं आणि दुसरं दुसऱ्याच फूटपट्टीचं. एक डोळा मिटायचा कारण दोन डोळ्यांना दोन वेगळी दृश्यं दिसतात आणि कागदावर एकच मांडायचं असतं. कारण कळलं की विद्यार्थी चुकला तरी आपलं आपण शोधून काढतो. नाहीतर पोझ राहते आणि माप जातं. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी अगदी ऐटीत पेन्सिल धरून मोजलं आणि कागदावर मात्र जे मनात होतं तेच काढलं.

मोजणं म्हणजे कलेचा अपमान, असं मानणारेही आपल्यात आहेत. इटलीतला कलाविचारवंत अल्बेर्ती याने १४३५ मध्ये चित्रकलेवर लिहिताना डोळा आणि वस्तू यांच्यामध्ये चौकोन पाडलेला विरळ कापडाचा पडदा ताणायला सांगितलं होतं. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५२५ च्या ग्रंथातल्या चित्रात डोळा एका जागी स्थिर ठेवून काचेवर समोरच्या माणसाची आकृती उतरवणारा चित्रकार दिसतो. यथार्थदर्शनाचे (पर्स्पेक्टिव्हचे) नियम ज्यांनी लिहून काढले, त्यांचाही नुसत्या अंदाजावर भरवसा नव्हता.

नक्कल करून घेण्याबद्दल मात्र माझं मत बऱ्याच जणांपेक्षा मवाळ आहे. नक्कल वाईट नाही, कशाची करून घेतो ते बघावं. व्हॅन गॉगने सत्ताविसाव्या वर्षी, १८८० मध्ये चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा फ्रेंच चित्रकार शार्ल बार्गच्या अभ्यासचित्रांच्या नकला करण्यापासून सुरुवात केली, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १८९० मध्ये, भावाकडून तेच कोळशाचे पाठ पुन्हा मागवून घेतले. त्या पाठांमध्ये अनेक ठिकाणी पूर्ण चित्राशेजारी त्याचा सांगाडा दिलेला आहे: वळणदार खांदा आधी दोन-तीन सरळ रेघांत, सावलीची हद्द एका कोनात, तपशील सगळ्यात शेवटी. नक्कल करणारा तिथे चित्राबरोबर क्रमही उचलतो. कशाच्या आधी काय ठरवायचं हे त्याला कळतं. मोबाइलवरच्या फोटोवरून नायिकेचा चेहरा उतरवताना असं काही हाती लागत नाही. कॅमेऱ्याने दृश्यातल्या जवळ-लांबच्या खोलीचा सपाट कागद आधीच करून ठेवलेला असतो, सावल्यांचा बहुतेक वेळा काळा ठिपका झालेला असतो, आणि ठरवण्यासारखं जे होतं ते यंत्राने ठरवून टाकलेलं असतं. फोटोवरून काम करू नये असं मी म्हणत नाही. प्रत्यक्ष बघून काढता यायला लागल्यावर करावं, म्हणजे फोटो कुठे खोटं बोलतो ते कळतं.

जाता जाता, फ्रेंच चित्रकार सेझानचं नाव घेऊन आपण गोल, दंडगोल, शंकू आणि ठोकळा शिकवतो. तरुण चित्रकार एमिल बर्नारला १९०४ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने दंडगोल, गोल आणि शंकू एवढेच आकार सांगितले आहेत. ठोकळा आपला आपण घातला. शिकवायला तो उपयोगी आहे, ठेवू या, फक्त सेझानच्या खात्यावर नको.

आता मुख्य मुद्दा: छायाप्रकाश. इथे आपण सगळ्यात जास्त घाई करतो. बाह्यरेषा झाली की "आता शेडिंग करा" म्हणतो आणि विद्यार्थी बोट घासून घासून कागद करडा करून ठेवतो. उठाव येतो म्हणे. बोटाने घासलेल्या शेडिंगचा मला मनापासून कंटाळा आहे. त्यात कुठलाही निर्णय नसतो. सावली कुठे सुरू होते, हे ठरवायचं टाळण्याचा तो सभ्य मार्ग आहे.

मुळात प्रकाशाच्या बाबतीत डोळा फार फसवतो, आणि का फसवतो हे सांगितल्याशिवाय सुटका नाही. भर उन्हात साधारण एक लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो, दिवे लावलेल्या खोलीत तीनशे ते पाचशे. काळा कागद अंगावर पडलेल्या प्रकाशातला पाच टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो, पांढरा पंच्याऐंशीच्या आसपास. हिशेब केला तर उन्हातला काळा कागद खोलीतल्या पांढऱ्या कागदापेक्षा दहापट जास्त प्रकाश डोळ्यात टाकतो. तरी तो आपल्याला काळाच दिसतो, कारण मेंदू आजूबाजूचा अंदाज घेऊन रंग ठरवून देतो. रोजच्या जगण्यात ही सोय आहे, चित्र काढताना तीच अडचण. त्यात आपल्याकडे साधन काय, तर कोरा कागद आणि पेन्सिलीचा गडदातला गडद घास, दोन्हींत जेमतेम दहा-वीसपट फरक. एवढ्या छोट्या पट्टीत सगळं बसवायचं, म्हणजे खरी उजेडाची मात्रा उतरवणं शक्यच नाही. उतरवायची ती नाती: हे याच्यापेक्षा गडद, ते त्याच्यापेक्षा उजळ.

म्हणून डोळे किलकिले करायला शिकवा. पापण्या अर्ध्या मिटल्या की तपशील पुसट होतात आणि उजेडाचे व अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. त्या तुकड्यांच्या हद्दी आधी काढून घ्यायच्या. एका बाजूने एकच दिवा ठेवून अंडं किंवा पांढरा चेंडू मांडला तर त्यावर सगळा धडा मिळतो: सर्वात उजळ ठिपका, उजेडाची बाजू, मधली छटा, जिथून प्रकाश पोहोचायचा थांबतो तिथला गडद पट्टा, त्याच्या पलीकडे टेबलावरून उडून आलेला फिकट उजेड आणि खाली टेबलावर पडलेली सावली.

यातला तो उडून आलेला उजेड बघा. माझ्या पाहण्यात नवशिक्यांची जास्तीत जास्त चित्रं त्या एका पट्टीवर बिघडतात. तो इतका चमकदार वाटतो की विद्यार्थी तिथे कागद जवळजवळ कोरा सोडतो, आणि अंडं पत्र्याचं दिसायला लागतं. तोंडाने सांगून हे पटत नाही. एका कागदाला बोटभर अंतरावर दोन छोटी भोकं पाडा. कागद डोळ्यासमोर असा धरायला लावा की एका भोकातून उजेडाच्या बाजूची मधली छटा दिसेल आणि दुसऱ्यातून सावलीतला तो फिकट पट्टा. आजूबाजूचं सगळं झाकलं गेलं की फिकट पट्टा एकदम गडद होऊन बसतो. विद्यार्थी कागद काढतो, पुन्हा लावतो, पुन्हा काढतो. "अरेच्चा" हा शब्द माझ्या वर्गात सगळ्यात जास्त याच वेळी ऐकू येतो. त्यानंतर नियम सांगितला तर मुरतो: एकाच रंगाच्या मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, वस्तूवर सावलीतला सर्वात उजळ भागसुद्धा उजेडातल्या सर्वात गडद भागापेक्षा गडद असतो.

हीच फसवणूक रंगातही होते. फ्रान्समधल्या गोबलँ या चित्रपट विणण्याच्या कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ शेव्रेल रंगाईचा प्रमुख होता. तिथे तक्रार आली की काळी लोकर नीट काळी उतरत नाही. त्याने तपासलं तर रंगात दोष नव्हता. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका पडल्यासारखा दिसत होता. शेजारचा रंग रंगाला बदलतो, यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये आला. काळ्या-पांढऱ्यात ज्याला हे दोन भोकांतून दिसलेलं आहे, त्याला रंगातलं लवकर कळतं. ज्याला दिसलेलं नाही, तो चेहरा रंगवताना पार्श्वभूमी भरली की "माझा त्वचेचा रंग बिघडला" म्हणत त्यावर थर चढवत बसतो. बिघडलेलं काही नसतं. सा लागायच्या आधी ताना घ्यायला लावल्यावर दुसरं काय होणार?

आणि मिश्रणाचा तो तक्ता, लाल अधिक निळा बरोबर जांभळा. कुठला लाल? कुठला निळा? शेंदरीकडे झुकणारा लाल आणि हिरवटपणाकडे झुकणारा प्रशियन निळा एकत्र केला तर तपकिरी-करडा चिखल होतो, कारण शेंदरीत पिवळ्याचा अंश असतो आणि तो जांभळ्याला मारतो. किरमिजीकडे झुकणारा लाल आणि अल्ट्रामरीन घेतला तर स्वच्छ जांभळा मिळतो. पेटीत एकच लाल आणि एकच निळा असला की काय मिळेल ते त्या नळ्यांवर ठरतं. मूल मात्र समजतं की चुकलं ते आपलंच. तक्ता भिंतीवरून काढा असं म्हणत नाही, पण शेजारी प्रत्यक्ष नळ्यांमधून केलेले दोन जांभळे लावून ठेवा. जलरंग वाळल्यावर फिका होतो आणि ॲक्रिलिक वाळल्यावर गडद, हेही त्याच दिवशी सांगून टाकावं.

साहित्याबद्दल फार लिहीत नाही, त्यावर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. एचबी, टूबी, सिक्सबी पुरे. १७९५ मध्ये काँतेने ग्रॅफाइटच्या पुडीत माती मिसळून भाजायची रीत काढली, तेव्हापासून माती जास्त तर शिसं कठीण आणि फिकट, कमी तर मऊ आणि गडद. इतकं कळलं की बारा पेन्सिलींचा डबा घ्यायची गरज वाटत नाही. खोडरबर काढून घेऊ नका, मात्र पहिली चुकीची रेघ दुसरी बरोबर रेघ येईपर्यंत पुसू देऊ नका. चूक समोर असली की तिच्या आधाराने बरोबर जागा सापडते. पुसली की पुन्हा तीच चूक त्याच जागी होते.

कुणी म्हणेल, हे सगळं पाश्चात्त्य अकादमीचं झालं. यशोधराने कामसूत्रावरच्या जयमंगला टीकेत चित्राची सहा अंगं दिली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. आकार वेगळा ओळखणं पहिलं, माप दुसरं, रंगकाम शेवटचं. श्लोकाच्या छंदाची सोय म्हणूनही तो क्रम आला असेल, त्यावर फार भार टाकू नये. पण रंगापासून सुरुवात करा असं तिथेही म्हटलेलं नाही, आणि भाव प्रमाणाच्या लगेच पाठोपाठ आहे, हेही बघण्यासारखं आहे. नीट बघायला शिकवल्याने अभिव्यक्ती मरते, ही भीती मला कधीच समजली नाही. ज्याला मगाचा तळ वळवता येतो, त्याला तो मुद्दाम सरळ ठेवायचा अधिकार मिळतो. ज्याला येत नाही, त्याच्याकडे निवड नसते.

आपली खरी अडचण वेगळी आहे, मला माहीत आहे. महिन्याअखेर पालक विचारतात, "काय केलं या महिन्यात?" आणि आपल्याला दाखवायला रंगीत, फ्रेम करण्यासारखं काहीतरी लागतं. करड्या अंड्यांचे कागद दाखवून फी मागायला जीव धजत नाही. शाळेत वर प्रदर्शनही असतं, आणि तिथे अंड्यांना कोण विचारतं. म्हणून तर आपण विद्यार्थ्याच्या कागदावर हात चालवतो. हा दबाव खोटा नाही आणि एकेकट्याने तो झुगारणं अवघड आहे. सगळ्यांनी मिळून एक प्रथा पाडली तर कदाचित जमेल: प्रदर्शनात प्रत्येकाची दोन चित्रं लावायची, एकाच वस्तूची, उदाहरणार्थ स्वतःच्या जुन्या बुटाची. एक सुरुवातीला काढलेलं आणि एक तीन महिन्यांनी. दोन्हींवर आपली एकही रेघ नको. खाली तारखा. पालकांना कलेतलं काही कळत नसलं तरी दोन बुटांमधला फरक कळतो, आणि ज्याची दोन्ही चित्रं सारखीच आली असतील त्याच्या बाबतीत प्रश्न आपल्याला विचारला जाईल, त्याला नाही.

पुढच्या सत्राची आखणी करताना यावर विचार व्हावा. कुणाला पटलं नसेल तर त्यांनी जरूर भांडावं, फक्त भांडायच्या आधी दोन भोकांचा कागद एकदा करून बघावा.

आपली,
एक सहशिक्षिका